फायनलच्या आधी किवी आणि आफ्रिकन चाहते खरंच शकुन-अपशकुन पाळतात का?

पाळतात, आणि चांगलेच पाळतात. तुम्ही ऑकलंडला शिकायला येताय आणि विचारताय की न्यूझीलंड-दक्षिण आफ्रिका अशी रग्बीची फायनल असली की इथले लोक एकमेकांना काय चिडवतात, आपल्यासारखं ‘जागेवरून हलू नको, विकेट पडेल’ छापाचं काही असतं का, आणि नवख्याने त्यात किती तोंड घालावं. मी शहराच्या उत्तरेकडे, ब्राउन्स बेच्या बाजूला राहतो. इथे दक्षिण आफ्रिकेतून आलेली कुटुंबं इतकी आहेत की बिल्टाँग, म्हणजे त्यांचं ते वाळवलेलं मसालेदार मांस, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. 2023 ची फायनल मी या दोन जमातींच्या मधोमध बसून पाहिली. म्हणून तिचंच सांगतो.

तेव्हा दोघांकडे तीन-तीन वर्ल्ड कप होते. न्यूझीलंडचे 1987, 2011 आणि 2015 चे, आफ्रिकेचे 1995, 2007 आणि 2019 चे. चौथा आधी कोण उचलतो, यावर सगळी खुन्नस. ऑफिसातल्या किवींनी लगेच हिशोब मांडला: तुमचा कप बारा वर्षांनी एकदा येतो, तेव्हा पुढचा नंबर 2031 ला, तोवर गप रांगेत उभे राहा. (मला नाशिकचा सिंहस्थ आठवला, पण तो विनोद तिथे सांगणार कोणाला?) दुसरा टोमणा आफ्रिकेच्या राखीव खेळाडूंवर. आठ जणांत सात धिप्पाड फॉरवर्ड आणि पळणारा बॅक एकच. ‘दोन बॅक लंगडले तर विंगवर प्रॉपला पळवणार का?’ (प्रॉप म्हणजे सगळ्यात अवजड फॉरवर्डांपैकी एक, विंग म्हणजे मैदानाची कड, जिथे वेगवान गडी पळतात.) हे मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकलं की शेवटी मलाच पाठ झालं.

आफ्रिकन मंडळी उलट उत्तर फारसं देत नसत. त्यांच्या हातात एकच आकडा होता. वर्ल्ड कपच्या तोंडावर, ऑगस्टमध्ये, ट्विकनमच्या मैदानावर त्यांनी न्यूझीलंडला 35-7 असं धुतलं होतं. ऑल ब्लॅक्सचा, म्हणजे न्यूझीलंडच्या संघाचा, एवढ्या फरकाने पराभव त्याआधी कधीच झाला नव्हता. आमच्या ऑफिसच्या फ्रिजवर सामानाची यादी असते. तिच्यात रोज सकाळी कोणीतरी लिहून ठेवी: दूध, कॉफी, 35-7. कोण लिहितं ते सगळ्यांना माहीत होतं, पण पकडलं कोणी नाही.

मग निघते सूझी. ही सूझी कोण, हे इथे उतरायच्या आधीच माहीत असू द्या. 1995 ची फायनल जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर झाली. न्यूझीलंडचा संघ जोरात होता. सेमीफायनलला जोना लोमूने एकट्याने इंग्लंडवर चार ट्राय मारले होते (ट्राय म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवणं). फायनलच्या दोन दिवस आधी हॉटेलात जेवल्यावर निम्म्याहून जास्त संघ उलट्या-जुलाबांनी आडवा झाला. मॅच जादा वेळेत गेली, जोएल स्ट्रान्स्कीच्या ड्रॉप गोलवर, म्हणजे चेंडूला टप्पा देऊन मारलेल्या किकवर, आफ्रिका 15-12 ने जिंकली, आणि आफ्रिकेच्या कर्णधाराची, पिनारची, सहा नंबरची जर्सी घातलेल्या मंडेलांनी त्याच्या हातात कप दिला. जगाला त्यातले मंडेला आठवतात. किवींना सूझी आठवते. न्यूझीलंडचे प्रशिक्षक लॉरी मेन्स यांचं म्हणणं असं की सूझी नावाच्या वेट्रेसने मुद्दाम काहीतरी कालवलं. ती बाई खरंच होती की नाही, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. पण त्यानंतर या दोन देशांची मॅच आणि सूझीचा उल्लेख नाही, असं झालेलं मी पाहिलेलं नाही. फायनलच्या आदल्या शुक्रवारी आमच्या आफ्रिकन शेजाऱ्याने किवी मित्रांना जेवायला बोलावलं, आणि एकजात सगळे आपापला डबा घेऊन आले.

दोन गोष्टींवर मात्र कोणी विनोद करत नाही, तुम्हीही करू नका. एक म्हणजे 1981 चा आफ्रिकेचा न्यूझीलंड दौरा. वर्णभेदी राजवटीच्या संघाला खेळू द्यायचं की नाही यावरून इथे घराघरांत भांडणं झाली, हॅमिल्टनची मॅच रद्द करावी लागली आणि ईडन पार्कवर छोट्या विमानातून पिठाच्या पुड्या टाकल्या गेल्या. त्याआधी आफ्रिकेला जाणाऱ्या संघातून माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी, खेळाडूंना वगळलं जाई, 1960 पर्यंत. ज्यांच्या घरच्यांनी ते भोगलं ते आजही शेजारी राहतात. दुसरी गोष्ट हाका, म्हणजे न्यूझीलंडचा संघ मॅचआधी करतो ते माओरींचं पारंपरिक नृत्य. पार्टीत हात-पाय आपटून, जीभ काढून नक्कल करायची हौस नवख्यांना फार असते. ती आवरा.

आता शकुन-अपशकुन. किवींच्या मनात 2007 ची क्वार्टर फायनल अजून सलते. कार्डिफला फ्रान्सकडून 20-18 अशी हार, आणि तीही काळ्याऐवजी राखाडी जर्सीत. राखाडी रंगाने नाट लावला असं छातीठोकपणे सांगणारे इंजिनिअर मला माहीत आहेत. फ्रान्सच्या एका ट्रायच्या आधी चेंडू पुढे पास झाला होता, जे रग्बीत चालत नाही, आणि ते रेफ्री वेन बार्न्सच्या नजरेतून सुटलं. 2023 च्या फायनलला रेफ्री म्हणून त्याचंच नाव जाहीर झालं, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशी शांतता पसरली की घरात कोणी गेलं असावं. कोणालातरी पनवती ठरवलं की पुढचं सगळं सोपं होतं. तेही पुढे हद्दीबाहेर गेलं. मॅचनंतर बार्न्सला आणि त्याच्या घरच्यांना धमक्या आल्या, आणि त्याला चिडवाचिडवी म्हणायची माझी तयारी नाही.

आफ्रिकेची बाजू तर आणखी भारी. फायनल पॅरिसच्या स्ताद द फ्रान्समध्ये, 28 ऑक्टोबरच्या रात्री. म्हणजे इथे रविवारी सकाळी आठला. सेमीफायनललाही हीच वेळ होती आणि शेजाऱ्याने उजाडता उजाडता ब्राय पेटवला होता, म्हणजे त्यांची ती निखाऱ्यांवरची मांस भाजण्याची पंगत. संघ 16-15 ने जिंकला, मग फायनललाही सकाळी सॉसेज भाजणं आलंच. अंगात 2007 ची हिरवी जर्सी, क्वार्टर फायनलपासून पाण्याला न लागलेली. तिचा वास मी वर्णन करत नाही. सेमीफायनलच्या शेवटच्या मिनिटांत आफ्रिकेचा किकर पोलार्डने लांबून विजयी पेनल्टी किक मारली, तेव्हा शेजारीणबाई कपडे वाळत घालायला मागच्या खोलीत गेलेल्या होत्या. झालं. फायनलला पोलार्डने किक मारायला टी वर, म्हणजे छोट्या स्टँडवर, चेंडू ठेवला रे ठेवला की सगळे ओरडत, ‘लाँड्रीत जा!’ ती बिचारी चार वेळा गेली आणि चारही किक आत गेल्या. आफ्रिकेचे सगळे बारा गुण तेवढेच, आणि तेही पहिल्या हाफमध्ये. ट्रॉफी उचलेपर्यंत आपल्या संघाचा एकही गुण तिने स्वतः पाहिला नव्हता.

पण मला सगळ्यात मजा वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. फायनलच्या आदल्या दिवशी दोन्हीकडचे लोक अचानक नम्र होतात. फ्रिजवरचं 35-7 गायब झालं. ‘तुम्हीच जिंकणार’, ‘छे, आमचे दमलेत, दोन नॉकआउट एकेका गुणाने कसेबसे काढलेत’, अशी लखनवी अदब सुरू झाली. फेव्हरिट म्हणवून घ्यायला कोणी तयार नाही. किवी हे ठेच खाऊन शिकलेत. 1995 ला ते फेव्हरिट, 1999 च्या सेमीला फेव्हरिट, 2007 ला फेव्हरिट, आणि तिन्ही वेळा घरी. आपल्याला जसं दृष्ट लागेल म्हणून बाळाचं कौतुक नको असतं, तसं यांना आपल्या संघाचं कौतुक दुसऱ्याच्या तोंडून ऐकवत नाही. जर्सी आणि सॉसेज पाळणारे काही मोजके, हे मात्र सगळे पाळतात.

मॅच 12-11 ने आफ्रिकेने जिंकली. किवी कर्णधार सॅम केनला आधी यलो आणि मग रेड कार्ड मिळालं. पुरुषांच्या फायनलमधलं हे पहिलंच रेड कार्ड. आफ्रिकेचा कर्णधार कोलिसी याचं मात्र यलोवरच भागलं. त्यावरून आजही इथे चहा थंड होतो.

त्याच दिवशी धरमशालाला न्यूझीलंड क्रिकेट वर्ल्ड कपमध्ये ऑस्ट्रेलियाकडून पाच धावांनी हरलं होतं, त्यामुळे माझ्या किवी मित्रांचा वीकेंड कसा गेला असेल ते बघा. चारच दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, हेच दोन देश पुण्याजवळ गहुंजेला क्रिकेट खेळले आणि आफ्रिका 190 धावांनी जिंकली. मी शेजाऱ्याचं अभिनंदन करायला कुंपणापाशी गेलो, तर गडी हादरलेला. म्हणाला, ‘हळू बोल. क्रिकेटमध्ये आम्हाला फेव्हरिट म्हणायचं नाही.’ 16 नोव्हेंबरला कोलकात्यात सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाने त्यांना तीन विकेट राखून घरी पाठवलं, आणि त्याचा राग अजून माझ्यावर आहे.