वाचकांचे प्रश्न : स्कोप बसवला आणि नेम गेला

प्रश्न : काका, वडिलांची .315 रायफल वारसाने माझ्या परवान्यावर आली. सीनाकाठी ऊस आहे, डुकरं रात्रीत वाफेच्या वाफे आडवे करतात. महिन्यापूर्वी परवाना असलेल्या बंदूकवाल्याकडून बेस, म्हणजे स्कोप धरणारी पट्टी, बसवून घेतला आणि त्यावर चार पट दिसणारा स्कोप लावला. आधी उघड्या साईटवर रायफल चांगली लागायची. आता रेंजवर 50 मीटरला 16 काडतुसं झाडली, तर एक गोळी डावीकडे, एक वर, दोन तर कागदालाच नाहीत. प्रत्येक गोळीनंतर स्कोप फिरवत गेलो. स्कोप खराब निघाला का? बदलून घेऊ?
— एक शेतकरी वाचक, मोहोळ तालुका

उत्तर : दादा, स्कोप बदलू नका. तुमचं दुखणं तुमच्याच पत्रात लिहिलंय : प्रत्येक गोळीनंतर स्कोप फिरवत गेलात. मग कुठली गोळी कशामुळे कुठे गेली, हे कळायचं कसं?

मी राखीव पोलिसात आर्मोरर, म्हणजे शस्त्रं सांभाळणारा-दुरुस्त करणारा, होतो; उमेदीच्या काळात मीही हेच करत होतो. एकदा गोळीबाराच्या मैदानावर असाच गोळी, फिरव, गोळी, फिरव चाललं होतं. उस्तादांनी हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि पाच गोळ्या कशालाही हात न लावता झाडायला लावल्या. पाचही तळहाताएवढ्या जागेत पडल्या, फक्त मधल्या ठिपक्याच्या खाली उजवीकडे. रायफल बरोबर होती, साईट तेवढी सरकवायची होती. त्या दिवसापासून ग्रुप, म्हणजे सगळ्या गोळ्या एका जागी जवळजवळ, पडल्याशिवाय मी साईटला हात लावला नाही. तुम्हीही लावू नका, काडतुसं परवान्यावर मोजूनच मिळतात.

तुमचा ग्रुपच पडत नाहीये, म्हणजे फिरवण्याखेरीज आणखी काही हलतंय का, तेही बघू. आधी मॅगझिन काढा, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही बघा. मग स्कोपला धरणाऱ्या रिंगा आणि बेस सोडवा. बेसखाली बहुतेक वेळा तेल सापडतं, कारण बंदूकवाला भोक पाडताना तेल लावतो आणि पुसायचं राहून जातं. तेलावर बसलेला बेस धक्क्याने केसभर सरकला तरी 50 मीटरवर गोळी काही सेंटिमीटर इकडेतिकडे जाते. स्क्रू, भोकं, बेस, सगळं स्पिरिटने पुसून कोरडं करा. बेसचे स्क्रू पक्के बसवा. रिंगांचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आळीपाळीने आवळा, एकच बाजू दाबून टाकू नका. स्कोपची नळी ॲल्युमिनियमची असते, जास्त जोर लावला की चेपते. किती जोराने आवळायचं ते रिंगांच्या कागदावर छापलेलं असतं, तेवढंच. शेवटी घरातल्या कुणाची तरी नेलपॉलिश घेऊन रिंग आणि नळीवरून एक बारीक रेघ ओढा. पाच गोळ्यांनंतर रेघ तुटलेली दिसली तर चोर सापडला.

लाकूडही बघा. या रायफलीची घडण जुन्या ली-एन्फिल्डची, दस्ता वेगळा आणि पुढचं लाकूड वेगळं. आपल्याकडच्या उन्हात लाकूड आकसतं, स्क्रू सैल होतो. दस्ता हातात धरून हलवा, जरा जरी कुरकुरला तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

आता गालाचं. यावर थोडं जास्त लिहितो, कारण ही गोष्ट बंदूकवाला सांगत नाही. हा दस्ता उघड्या साईटसाठी घडवलाय. स्कोप रायफलीच्या नळीच्या चार-साडेचार सेंटिमीटर वर बसतो, त्यामुळे त्यातून बघायला तुम्ही मान उचलता. गाल लाकडावरून सुटतो आणि फक्त हनुवटी टेकते. मग प्रत्येक वेळी डोळा थोडा वेगळ्या जागी येतो, कडेला काळी सावली येते आणि गोळ्या पसरतात. माझ्या मते तुमचा निम्मा दोष इथेच आहे. जुनं घोंगडं किंवा जाड कापड घडी घालून दस्त्यावर पट्ट्याने बांधा. डोळे मिटून गाल टेकवा आणि डोळे उघडा. पूर्ण गोल स्वच्छ दिसला तर उंची जमली. स्कोप डोळ्यापासून तीन-साडेतीन इंच लांब ठेवा. .315 चा धक्का मोठा, स्कोप जवळ असेल तर कडा भुवईत घुसते. टाके पडलेले मी पाहिलेत.

स्कोपच्या आतली उभी रेघ खरंच उभी आहे का, ते बघायला गवंड्याचा ओळंबा वीस-पंचवीस पावलांवर टांगा आणि दोरीशी रेघ जुळवा. रायफल कलती धरली गेली तर लांबच्या नेमात गोळी बाजूला जाते.

एवढं झालं की रेंजवर चला. रानात, ओढ्याच्या काठाला नको. या गोळीचा पल्ला काही किलोमीटरचा आहे आणि आपला माळ सपाट, दगडाळ. दगडाला लागून गोळी कुठे उडेल याचा नेम नाही, आणि पलीकडे मेंढरं घेऊन कुणीतरी असतंच. सकाळी दहाच्या आत उरका. नंतर झळा मारायला लागतात आणि लक्ष्य पाण्यात असल्यासारखं हलतं.

जुन्या पँटचा पाय कापून चाळलेल्या वाळूने भरा, दोन्ही तोंडं शिवा. ज्वारी भरू नका, ती हलकी असते आणि उंदीर पिशवी फाडतात. अंगाखाली आपली सोलापुरी चादर चौघडी करून घ्या. पुढचं लाकूड पिशवीवर टेकवा. नळी कधीच टेकवायची नाही, टेकवली की मार बदलतो. नळीतून आधी कोरडी चिंधी ओढा, तेलकट नळीची पहिली गोळी भलतीकडे जाते.

आता 25 मीटर. बोल्ट मागे घेऊन त्याचं डोकं वर उचला आणि बोल्ट बाहेर काढा. रायफल पिशव्यांत घट्ट बसवा, मागून नळीतून बघा आणि ठिपका नळीच्या बरोबर मधोमध आणा. रायफल न हलवता स्कोपच्या रेघा त्याच ठिपक्यावर आणा. इथे पुष्कळांची गफलत होते. स्कोपवरच्या फिरकीच्या टोपीखाली ‘अप’चा बाण असतो, तो गोळीसाठी असतो. तिकडे फिरवलं की गोळी वर जाते, पण स्थिर रायफलीत रेघ मात्र खाली सरकताना दिसते. गोंधळू नका, रेघ ठिपक्यावर आली की झालं. मग बोल्ट घालून एक-दोन गोळ्या. कागदावर लागल्या की 50 मीटरवर जा.

तिथे पाच गोळ्या झाडा, मध्ये काहीही फिरवायचं नाही. नळी हाताला गरम लागली की थांबा. पाच भोकांचा मध्य काढा आणि पट्टीने मोजा. समजा तो मध्य 9 सेंटिमीटर उजवीकडे आणि साडेपाच सेंटिमीटर खाली आला. तुमच्या स्कोपवर पाव मिनिटाची क्लिक लिहिली असेल (हे मिनिट वेळेचं नव्हे, कोनाचं : अंशाचा साठावा भाग), तर एक क्लिक 100 मीटरला सुमारे 7 मिलिमीटर सरकवते, 50 ला साडेतीनच्या जरा वर आणि 25 ला त्याच्या निम्मं. म्हणजे 25 क्लिक डावीकडे, 15 वर. क्लिक बोटाला लागतात, कानाने नाही, बोटाने मोजा. पुन्हा तीन गोळ्या. थोडं उरलं असेल तर तेवढंच सुधारा. झालेले आकडे आणि काडतुसांचा लॉट, म्हणजे कुठल्या खेपेची ती, वहीत लिहा. दुसऱ्या लॉटची काडतुसं आणली की तीन गोळ्या झाडून मार पुन्हा तपासायचा.

आणि हे मनापासून सांगतो : रायफलीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली त्याला वनखात्याची लेखी परवानगी लागते, ती हातात आल्याशिवाय शिवारात रायफल काढू नका. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं आहे, आपल्याच जिल्ह्यातलं. काळवीट आणि लांडगा कुंपण ओळखत नाहीत, तुमच्या उसाशेजारीही येतील. अंधारात झाडीत काहीतरी हललं म्हणून चाप ओढायचा नाही, स्कोप कितीही चांगला असला तरी.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, 10 मीटर एअर रायफल शिकते. तिला स्कोप घेऊन द्यावा का?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : नको, ताई. त्या स्पर्धेत भिंगाचा स्कोप चालत नाही, डायॉप्टर साईट लागते, म्हणजे मागे बारीक छिद्र आणि पुढे गोल कडी. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तेही स्कोपशिवाय. 10 मीटरच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तो डोळ्यापेक्षा शरीराच्या स्थिरपणाने मिळतो. स्कोपचे पैसे तिच्या मापाच्या जॅकेटला लावा.