शिटीवाल्याला सांगितलंस का?

"ताई, मी 26 वर्षांची. अपस्मार आहे. गोळ्या वेळेवर, 14 महिन्यांत एकही फिट नाही, डॉक्टरांनीही पोहायला हो म्हटलंय. आठवड्यातून चार दिवस पोहते. झोप सुधारली, चिडचिड गेली. आई मात्र रोज भांडते, व्यायामानेच फिट येते म्हणते. तलावावर असली कटकट नाही, तिथे कुणाला माहीतच नाही ना! आईला कसं समजावू? — जलपरी"

जलपरी,

आईचं नंतर बघू. "तिथे कुणाला माहीतच नाही ना!" हे तू जाता जाता, वर उद्गारचिन्ह ठोकून लिहिलंस. मी तिथेच अडकले.

पाण्यात फिट आली तर काठावरून काय दिसतं? बहुतेक वेळा काहीच नाही. हाक नाही, वर केलेला हात नाही. काठावरच्या शिटीवाल्याला, म्हणजे जीवरक्षकाला वाटतं, पोरगी बुडी मारून श्वास धरून बघतेय, आणि तो पलीकडच्या टोकाला दंगा करणाऱ्या पोरांकडे वळतो. बुडायला तेवढा वेळ पुरतो, बाई.

व्यायामाबद्दल आईचं चुकतंय, मान्य. मेहनतीने फिट येणारे असतात, पण विरळा. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख काढताना तुला 3 मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला असेल. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि काहींना फिट येऊ शकते. पोहताना धाप लागते तेव्हा मात्र स्नायू तोच वायू तयार करत असतात, त्यामुळे तो तसा घसरत नाही. खरे वैरी म्हणजे चुकलेली गोळी आणि जागरण.

पण आई व्यायामाचं नाव घेऊन पाण्यालाच भीत असेल, तर ती बरोबर आहे. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या अपस्मारावर काम करणाऱ्या जागतिक संघटनेच्या तज्ज्ञांनी 2016 मध्ये खेळांचे तीन गट केले. टेनिस, फुटबॉल पहिल्या, जवळजवळ बिनघोर गटात. स्कूबा, म्हणजे हवेची टाकी घेऊन खोल बुडी मारणं, तिसऱ्या, सगळ्यात धोक्याच्या गटात. पोहणं मधल्या: बघ्यांना धोका नाही, खेळणाऱ्याच्या जिवाला आहे. म्हणजे बंदी नाही, पण काठावर जाणता डोळा हवा. तुझ्या काठावरचा डोळा तू स्वतःच झाकून ठेवलायस, आणि वर मला विचारतेस आईला कसं समजावू!

उद्या कपडे बदलायच्या आधी त्या जीवरक्षकाकडे जा आणि सांग: "मला अपस्मार आहे. मी मध्येच थांबले किंवा पाण्याखाली जरा जास्त राहिले तर वाट बघू नका, उडी मारा. डोकं पाण्यावर धरा, झटके थांबले की बाहेर काढा, कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. श्वास नसेल तर लगेच कृत्रिम श्वास सुरू करा. शुद्धीवर येऊन मी 'बरी आहे' म्हटलं तरी दवाखान्यात न्या, फुप्फुसात पाणी गेलेलं असू शकतं." पाळीवरचा माणूस बदलला की नव्याला पुन्हा पहिल्यापासून.

ते पाण्यात उतरू देणार नाहीत, हीच भीती आहे ना? नाही दिलं तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन दुसऱ्या तलावावर जा. तो मिळेपर्यंत चाल, धाव, टेनिस खेळ, पण पाण्यात पाऊल टाकू नकोस. एक दिवससुद्धा नाही.

आणि सांगून झालं की आईला एकदा तलावावर ने. त्या शिटीवाल्याशी तिची ओळख करून दे, तू पोहत असताना तिला त्याच्या शेजारी बसव. त्यानंतरही ती भांडली तर मला लिही.