एक ना धड भाराभर चिंध्या, बरं मग?

तुझा मेसेज दोनदा वाचला. डिझाईन झालं, थोडं कोडिंग झालं, मधेच अकाउंट्सचा कोर्स, आता परत भलतंच काहीतरी शिकावंसं वाटतंय आणि बरोबरचे सगळे सेट झालेत, मीच लटकलेय, असं लिहिलंयस. वर ती म्हणही कुणीतरी ऐकवलीच असेल, मलाही ऐकवायचे. (चिंध्यांची गोधडी होते वगैरे मी सांगणार नाहीये, ते सगळेच सांगतात, आणि खरं सांगू का, ती आपोआप होत नाही, बसून शिवावी लागते.)

मी एका कंपनीत असताना महिनाअखेरीला टॅक्सच्या रिपोर्टची टोटल काही केल्या जुळेना. डेव्हलपर म्हणायचे कोड बरोबर आहे, अकाउंट्सवाले म्हणायचे आमची एक्सेल शीट बरोबर आहे, चार दिवस नुसती मेलामेली. गंमत म्हणजे दोघंही बरोबर होते. कोड प्रत्येक ओळीला राउंडिंग (म्हणजे आकडा जवळच्या पूर्णांकात आणणं) करत होता आणि अकाउंट्सवाले सगळी बेरीज झाल्यावर. आता दहा ओळींवर प्रत्येकी ०.४ आला तर ओळीओळीने राउंड करून शून्य, आणि आधी बेरीज केली तर ४! मला ते दिसलं कारण मी दोन्हीकडे थोडे थोडे दिवस काढले होते, बाकी त्या खोलीत माझ्यापेक्षा चांगलं कोडिंग सगळ्यांनाच येत होतं.

हेडी लमारचं माहितीये ना? हॉलिवूडची नटी, तिला आणि जॉर्ज अँथाइल नावाच्या संगीतकाराला १९४२ मध्ये पेटंट मिळालं, तेही रेडिओने वळवायच्या टॉर्पेडोसाठी, म्हणजे पाण्याखालून जहाजावर सोडतात त्या अस्त्रासाठी! शत्रूने रेडिओ सिग्नल जाम करू नये म्हणून फ्रिक्वेन्सी सारखी बदलत ठेवायची. पण पाठवणारा आणि घेणारा एकाच क्षणी बदलणार कसे, तर आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोकं पाडलेला कागदी रोल असतो तसा रोल दोन्हीकडे लावायचा. फ्रिक्वेन्सी ८८, पियानोच्या पट्ट्या असतात तेवढ्याच. अमेरिकेच्या नौदलाने तेव्हा ते वापरलं नाही, ते सोड. अँथाइलने त्याआधी असे बरेच पियानो एकत्र वाजवायची खटपट केलेली होती, म्हणजे त्याला पियानो आतून माहीत होता, नुसता ट्रायल क्लास करून आलेला नव्हता.

इथेच मला तुझी जरा काळजी वाटते. पहिले तीन आठवडे सगळंच भारी वाटतं गं, मग अवघड भाग येतो आणि नेमका तेव्हाच तुला नवीन कोर्स दिसतो. सोडायला माझी ना नाही, पण दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल असं काहीतरी हातून झाल्यावर सोड. आणि भाडं भरणारं एक काम धरून ठेव, त्यात बऱ्यापैकी हात बसू दे. काही ठिकाणी आपलं काम नाही हेही मान्य कर, माझं ऑपरेशन करायला मला तरी सगळ्यातलं थोडं थोडं येणारा जनरलिस्ट नकोय.

सीव्हीत सात स्किल्स ओळीने लिहिल्यास ना, तेवढं काढ. त्याऐवजी काय अडलं होतं आणि तू ते कसं सोडवलंस ते दोन वाक्यांत लिही, समोरच्याला तेवढंच वाचायला वेळ असतो.

आणि हो, ते हिशोबाचं छोटं ॲप करत होतीस त्याचं काय झालं? लॉगिनपाशी अडलं होतं ना? ते आधी चालू करून पाठव, मी वापरून बघते, नवीन कोर्सचं त्यानंतर बोलू.