स्पेनमधील ताऊल गावच्या सांत क्लिमेंत चर्चची रचना कशी आहे, आणि तेथील मूळ भित्तिचित्रे बार्सिलोनात का आहेत?

कातालोनियातील पिरेनीज पर्वतात, बोई खोऱ्यात असलेले हे चर्च रोमनेस्क शैलीचे, म्हणजे मध्ययुगीन युरोपातील जाड भिंती व गोल कमानींच्या बांधकामशैलीचे आहे. त्याची प्रतिष्ठापना 10 डिसेंबर 1123 रोजी रोदाचे बिशप रामोन यांच्या हस्ते झाली, आणि विशेष म्हणजे त्याच गावातील सांता मारिया चर्चची प्रतिष्ठापना दुसऱ्याच दिवशी झाली. आत गोल दगडी खांबांनी विभागलेली तीन दालने, वर लाकडी छप्पर आणि पूर्वेला तीन अर्धवर्तुळाकार भाग आहेत. बाजूचा चौकोनी, अनेक मजली घंटामनोरा मात्र खरा लक्षवेधी आहे. त्यावरील लहान आंधळ्या (म्हणजे आरपार न उघडणाऱ्या, केवळ शोभेच्या) कमानींच्या पट्ट्या उत्तर इटलीतील लोम्बार्ड बांधकाम परंपरेतून आलेल्या आहेत.

वेदीमागील घुमटाकार भागात सिंहासनस्थ ख्रिस्ताचे भव्य चित्र होते, ज्याच्या हातातील ग्रंथावर ‘मी जगाचा प्रकाश आहे’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रदेशातील भित्तिचित्रे परदेशी विकली जाऊ लागली, तेव्हा बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने 1919 ते 1923 या काळात अनेक चर्चमधील चित्रे उतरवून घेतली. चित्रावर सरसाने कापड चिकटवायचे आणि ते वाळल्यावर रंगाच्या थरासह सोलून काढायचे, अशी ती पद्धत होती. चित्र मूळ भिंतीवरून हलवणे खटकते, परंतु तसे केले नसते तर ते बहुधा अमेरिकेत पोहोचले असते. कातालोनियातीलच मूर येथील चर्चमधील चित्रे बोस्टनला गेलीच. आता ताऊलमध्ये भिंतीवर प्रकाशझोताने मूळ चित्र उमटवून दाखवतात. बोई खोऱ्यातील चर्चना 2000 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.