कॉन्टेसाच्या एसीसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: मी 64 वर्षांचा, बँकेतून निवृत्त, बडोद्यात कारेलीबागेत राहतो. वडिलांनी 1994 साली घेतलेली कॉन्टेसा क्लासिक आजही चालू आहे, पण एसीच्या कॉम्प्रेसरमधून गॅस गळतो. गॅरेजवाला तीन मार्ग सांगतो: दर उन्हाळ्यात गॅस भरायचा, 4,000 रुपये, कॉम्प्रेसर उतरवून सील बदलायचं, 14,000, किंवा कॉम्प्रेसर, कंडेन्सर, पाइप सगळंच नवं, 68,000. एसी धडधाकट असला तर पुढे गाडीला विंटेजचा भाव येईल, म्हणून अडीच लाखांची एफडी मोडून सगळंच नवं करावं असं वाटतं. सौ. म्हणते, गाडी विकून टाका. पेन्शन 41,000, ती घरखर्चाला पुरते. सीनियर सिटिझन स्कीममध्ये 15 लाख आहेत, 8.2 टक्क्यांनी. दोघांच्या मेडिक्लेमचा हप्ता वर्षाला 52,000. दुसरी बचत नाही. काय करावं?

उत्तर: नमस्कार. एफडी मोडू नका. सील बदलून घ्या, पण गळती नेमकी कुठून होते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच.

आधी विंटेजच्या भावाबद्दल, कारण तुमचा सगळा बेत त्यावर उभा आहे. 2021 साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांत 50 वर्षांहून जुनी गाडीच विंटेज धरली जाते. तुमची तिथे पोचायला 2044 साल उजाडेल. शिवाय कॉन्टेसा 1984पासून 2002पर्यंत बनत होती, म्हणजे ती काही फार दुर्मीळ गाडी नाही. 2023च्या जानेवारीत तुमच्या बडोद्यातच, लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात ज्या संस्थानी गाड्या बघायला गर्दी लोटली, त्यांची गोष्ट वेगळी. तेव्हा एसीवर घातलेले 68,000 विकताना वसूल होतील असं धरून चालू नका. स्वतःच्या वापराची गाडी आयकरात भांडवली मालमत्ता मानत नाहीत, त्यामुळे विक्रीतल्या नफ्यावर कर नाही, पण दुरुस्तीची वजावटही नाही. हा खर्च हौसेचा आहे. वडिलांची गाडी आहे, हौस जरूर करा. माझा आग्रह फक्त एवढाच की तिचा पैसा आजारपणासाठी राखलेल्या गाठोड्यातून जाऊ नये, आणि तुमची अडीच लाखांची एफडी म्हणजे तेच गाठोडं आहे.

4,000चा मार्ग स्वस्त दिसतो, पण तिन्हींत मला तोच सगळ्यात महाग वाटतो. चार उन्हाळ्यांत 16,000 जातात आणि गळती तिथेच राहते, हे झालं साधं गणित. खरा धोका तेलाचा आहे. एसीच्या गॅससोबत तेल फिरत असतं आणि कॉम्प्रेसरला वंगण त्याचंच मिळतं. गॅस गळतो तिथून थोडंथोडं तेलही जातं. गॅस भरला की हवा गार लागते आणि आपण निर्धास्त होतो, तेल मात्र कमी होत जातं. एक दिवस कॉम्प्रेसर जाम होतो, धातूचा कीस कंडेन्सरपर्यंत पोचतो, आणि मग 68,000चं काम टळत नाही.

म्हणून गाडी गॅरेजला न्या आणि बॉनेट उघडून कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, क्लचच्या पुलीमागे बघा. तिथे तेलकट धुळीची काळी कड जमली असेल तर शाफ्टचं सील गेलं असण्याची शक्यता मोठी. कंडेन्सरच्या जाळीवर किंवा पाइपच्या जोडावर ओशटपणा दिसला तर दोष तिकडे, आणि सीलवर घातलेले पैसे वाया जातील. नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे कुठून येतात ते समोर दिसतं. ही तपासणी झाल्याशिवाय 14,000ना हो म्हणू नका. त्या रकमेत नवा ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा भाग), ओ-रिंगा (जोडांतल्या रबरी कड्या), व्हॅक्यूम (आतली हवा ओढून काढणं) आणि गॅस धरला आहे का, तेही विचारा. सिस्टिम एकदा उघडली की जुना ड्रायर परत बसवू नये, तो हवेतली ओल शोषून निकामी होतो.

आता पैसे कुठून आणायचे? 15 लाखांवर 8.2 टक्क्यांनी वर्षाला 1,23,000, म्हणजे दर तिमाहीला 30,750 रुपये व्याज येतं. मेडिक्लेम वजा जाता 71,000 उरतात, कर वेगळा. सीलचे 14,000 एका तिमाहीच्या व्याजातून निघतात. 68,000 मात्र जवळजवळ सगळं वर्ष खाऊन टाकतील, आणि गाडीचा विमा, टायर, सणवार, सगळं एफडीकडे बघू लागेल.

तपासणीत कॉम्प्रेसरचं तेल काळं आणि कीस असलेलं निघालं तर सील बदलून उपयोग नाही. तसं झालं तर हा उन्हाळा काचा खाली करून काढा, मे महिन्यात दुपारी गाडी बाहेर काढू नका, आणि तीन तिमाह्यांच्या व्याजातला थोडाथोडा भाग बाजूला ठेवून दिवाळीनंतर काम काढा. कर्ज काढून तर मुळीच नको.

वहिनींचं म्हणणंही मला सोडून द्यावंसं वाटत नाही. त्यांना गाडी नको आहे की तिच्यापायी अचानक उपटणारे खर्च नकोत, हे एकदा त्यांनाच विचारा. गाडीसाठी वर्षाला 25,000 अशी मर्यादा दोघांनी मिळून ठरवली तर वाद बराचसा मिटेल असं मला वाटतं. नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि 20 वर्षांहून जुन्या कारसाठी 2025पासून त्याची फी 10,000 रुपये आहे. तीही याच मर्यादेत बसवा.

एक बिनखर्चाचं काम: गाडी उभी राहिली की सील कोरडं पडतं. थंडीतसुद्धा पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं एसी चालवत जा.

गॅसचंही विचारून घ्या. 1994च्या गाडीत मूळ गॅस आर-12 असणार. ओझोनला मारक म्हणून तो माँट्रियल करारानुसार बंद झाला. मधल्या काळात कुणी त्याच्या जागी आलेला आर-134ए भरला असेल आणि आत जुनं मिनरल तेलच असेल, तर दोघांचं जमत नाही, तेल कॉम्प्रेसरकडे नीट परतत नाही. आर-134एला पीएजी किंवा एस्टर जातीचं तेल लागतं. एलपीजीसारखा स्वस्त गॅस कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा, तो पेट घेतो. बिलावर गॅसचं आणि तेलाचं नाव, दोन्ही लिहून घ्या, म्हणजे पुढच्या मेकॅनिकला अंदाजाने काम करावं लागणार नाही.