सौर शिडासाठी जमीन गहाण नको

चोपडा तालुक्यातल्या एका केळी बागायतदाराचं पत्र आलं आहे. मुलगी अकरावी सायन्सला. सूर्यप्रकाशाचा रेटा झेलणारा पातळ, चकचकीत पडदा, म्हणजे सौर शीड, लावून ग्रहांकडे जाणारे छोटे उपग्रह बनवायचे, असं तिनं ठरवलंय. वडील विचारतात, यात नोकरी आहे का? एअरोस्पेसच्या खासगी कॉलेजसाठी जमीन गहाण ठेवू का?

भाऊ, राम राम.

पोरीच्या डोक्यातलं खूळ नाही हे. जपानचं 'इकारोस' यान २०१० साली असंच चौदा मीटर बाजूचं शीड पसरून शुक्राजवळून गेलं. २०१९ मध्ये अवघ्या पाच किलोच्या 'लाइटसेल-२'नं प्रकाशाच्या जोरावर आपली कक्षा उंचावून दाखवली. पृथ्वीजवळ शंभर चौरस मीटर शिडाला मिळणारा रेटा एक ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याच्या वजनाएवढाच असतो. पण तो थांबत नाही, इंधन मागत नाही. छोट्या उपग्रहात टाकीला जागाच कुठे असते?

खरी कसरत आहे ती केसाहून पातळ पडदा इवल्याशा पेटीत घडी करून बसवायचा आणि अवकाशात न फाटता उघडायचा. नासानं २०२४ मध्ये ऐंशी चौरस मीटरचं शीड उघडलं, तेव्हा त्याच्या चार दांड्यांपैकी एक किंचित वाकली. त्याआधी २०२२ मध्ये लघुग्रहाकडे निघालेल्या 'निया स्काउट'शी तर संपर्कच झाला नाही. म्हणजे तुमच्या मुलीसाठी काम भरपूर शिल्लक आहे, आणि ते बरंचसं मेकॅनिकल आणि मटेरियलवाल्यांचं आहे.

'सौर शीड' नावाची नोकरी आपल्याकडे नाही, हे स्पष्टच सांगतो. पण इस्रो मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरचे इंजिनिअर घेते. त्यासाठी एअरोस्पेसचीच पदवी लागते असं नाही. माझ्या मते तिनं पुण्याच्या सीओईपी या सरकारी अभियांत्रिकी विद्यापीठावर नजर ठेवावी. तिथल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' हा उपग्रह इस्रोनं २०१६ मध्ये सोडला, आणि पुढच्या उपग्रहासाठी त्याच गटानं सौर शीडच निवडलं! प्रवेश सीईटीवर. नाही जमलं तर जळगावच्या शासकीय अभियांत्रिकीत मेकॅनिकल आहेच. जेईई अॅडव्हान्समध्ये चांगला क्रमांक आला तर तिरुअनंतपुरमची आयआयएसटी, अवकाश विभागाचीच संस्था.

तेव्हा भाऊ, सातबाऱ्यावर बोजा चढवू नका. जेईई आणि सीईटी, दोन्ही अर्ज भरा. भौतिकशास्त्र आणि गणिताला चांगला मास्तर बघून द्या, आणि बारावीनंतर शाखा निवडायच्या वेळी तिलाच मला लिहायला सांगा.