आधी सरांची निवृत्तीची तारीख विचारा

ऐरोलीच्या ताई, रसायनशास्त्रात जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळालीय, एका विद्यापीठाच्या विज्ञान शाखेतले नावाजलेले सर घ्यायला तयार आहेत, दुसरीकडे नव्याने गाइडशिप (पीएचडीचे विद्यार्थी घ्यायची मान्यता) मिळालेल्या मॅडम आहेत, तर 'रिसर्च कुठे स्ट्रॉंग?' हा तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. ठाण्याहून रोज लोकल धरत मीही याच पेचातून गेलोय. पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा), कोर्सवर्क वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो.

नॅकचा (मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचा) दर्जा विद्यापीठाला मिळतो, तुम्ही बसणार एका लॅबमध्ये. एखाद्या संध्याकाळी पाचनंतर तिथे चक्कर मारा. एफटीआयआर या तपासणी यंत्राशेजारची लॉगबुक चाळा. वेगवेगळ्या ग्रुपची नावं आहेत, की शेवटची नोंद दिवाळीआधीची आणि वर 'पार्ट ऑर्डर केला आहे' अशी चिठ्ठी? एका सरांच्या पोरांना दुसऱ्या सरांचा रोटा (द्रावक उडवायचं यंत्र) मागायचीही चोरी असेल, तर तिथलं 'रिसर्च कल्चर' फक्त वेबसाइटवर. मोठी यंत्रं नाहीत म्हणून मात्र नाक मुरडू नका. पवईला आयआयटीच्या सैफमध्ये, म्हणजे मोठ्या यंत्रांच्या केंद्रात, बाहेरचे नमुनेही पैसे भरून तपासून मिळतात. ते पैसे प्रोजेक्टमधून जातात की पोरांच्या खिशातून, एवढं विचारा.

आता मुद्द्याचं. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्या गाइडना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. पण सरांना तीन वर्षं दोन महिने उरले असतील तर ते नियमात बसतात आणि तुम्ही लटकता, कारण प्रयोगाची पीएचडी तीन वर्षांत क्वचितच उरकते. निवृत्तीनंतर सत्तरीपर्यंत त्यांना सह-मार्गदर्शक राहता येतं, पण सह्यांसाठी मुख्य गाइड दुसरा लागतोच.

माझे सर मध्येच निवृत्त झाले. माणूस सोन्यासारखा, नवीन गाइडही त्यांनीच मिळवून दिले. अडलं ते ऑफिसात (कुठलं ते लिहीत नाही, तिथली काही मंडळी अजून खुर्चीत आहेत). गाइड बदलाचा अर्ज, दोघांच्या एनओसी, विभागप्रमुखांचं पत्र, सगळं दिलं, आवक शिक्का घेतला. मग 'समितीची मुदत संपलीय', मग 'साहेब ट्रेनिंगला', मग फाइल चक्क दुसऱ्या शाखेच्या गठ्ठ्यात. तोवर जुन्या सरांची सही चालेना, नव्यांची मंजुरी नाही. हजेरीच्या दाखल्यावर सही नाही म्हणून फेलोशिप बंद, एसआरएफचं (पुढच्या टप्प्याच्या वाढीव फेलोशिपचं) अपग्रेडेशनही लांबलं. कळव्याच्या खोलीचं भाडं घरून मागवावं लागलं. दोन सह्यांचं काम, पण खिडकीमागच्या माणसाला त्याचं काय! आज जेआरएफ महिना ३७,००० आणि एसआरएफ ४२,००० रुपये आहे, म्हणजे अडकणारी रक्कमही मोठी. प्रत्येक कागदाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि तारीख घेत जा. शेवटी माझी फाइल त्यावरूनच सापडली.

शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर) त्या विभागाचे अलीकडचे प्रबंध काढून बघा. एकाच गाइडच्या प्रबंधांत फक्त धातू बदलतोय आणि प्रकरणं तीच, असं दिसलं तर तिथे नवं काही होत नाही हे समजून जा.

मला विचाराल तर मॅडम. हे अर्थात माझं मत, तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक वेगळं असू शकतं. असिस्टंट प्रोफेसरला चारच पीएचडी विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे जागा शिल्लक आहे का ते लगेच विचारा. आणि त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी मॅडमच्या केबिनमध्ये नको, कॅंटीनमध्ये बोला.

विषय जीवरसायनाकडे झुकत असेल तर खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्रही बघून ठेवा. पदवी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची मिळते आणि ठाणे-पनवेल गाडी ऐरोलीवरूनच जाते.